बुडालेल्या जहाजाची घंटा

लिलावकंपनीचा माणूस उद्या येणार, हे पोपटने जेवताना सांगितलं आणि हैबतरावांचा घास हातातच राहिला.

"उद्याच?"

"व्हय. सबनीस म्हणून हायत. सगळं बघतील, फोटो काढतील. दसरा झाला की टेम्पो." पोपटने भातावर आमटी ओढली. "वखार घेणाऱ्या मूर्तीवाल्यांना ती दिवाळीच्या आत मोकळी करून पायजे. पुढल्या गणपतीचं काम तवाच सुरू होतं त्यांचं. आन् तुमीच व्हय म्हटलंवतं, बाबा."

म्हटलं होतं खरं. श्रावणात छातीत कळ आली, डॉक्टरने लांबचा प्रवास बंद केला, तेव्हाच हैबतरावांना कळून चुकलं होतं की आपले मुंबईचे लिलाव संपले. तीस वर्षं हा माणूस पेणच्या रामवाडीतली भातगिरणी गड्यांवर टाकून मुंबईला जात आला होता. आधी धरमतरहून लाँचने, मग एस.टी.ने. नौदलाच्या जुन्या सामानाचा लिलाव असो की जहाजं तोडणाऱ्यांच्या अड्ड्यावरचा, हैबतराव तिथे हजर. परत येताना हातात काहीतरी असायचंच. होकायंत्र, संगिनी, पितळी दुर्बीण, जहाजाची गोल खिडकी, एकदा तर सुकाणूचं अख्खं चाक, जे एस.टी.च्या टपावर बसून आलं. गिरणीमागची वखार या सामानाने भरली. पेणमध्ये तिला 'आरमार' म्हणत, आणि भात भरडायला आलेली माणसं तांदूळ होईपर्यंत आरमार बघून येत. कुणब्याच्या घरात हा समुद्र कुठून आला, असं नव्या माणसाला वाटायचं. घरच्यांना त्याची सवय झाली होती.

"सगळं दे," हैबतराव म्हणाले. "घंटा तेवढी नाय."

"बाबा, फोनवर त्यांनी पयलं काय विचारलं असंल तर घंटा. जहाजाच्या घंटेवर जहाजाचं नाव असतं म्हणाले. नाव असलं की वस्तू बोलते."

चोराच्या मनात चांदणं म्हणतात. हैबतरावांच्या मनात त्या 'नाव' शब्दाने भर दुपार झाली.

"पोपट, तुला काय वाटतं का रे?" सरू म्हणाली. ती नवरात्रासाठी रोह्याहून माहेरी आली होती. आता तिचे केसही पिकायला लागले होते, पण भावाशी भांडताना ती अजून ताटावरून अर्धी उठायची. "मोठ्या काकांची तेवढीच निशाणी हाय. तिच्यापायी मोठ्या आयनं कुंकू पुसलं. आन् तू ती लिलावात घालतोस?"

"मग ने रोह्याला. टांग तुझ्या दारात."

"नेईन. बाबा देत असतील तर आत्ता नेईन."

"भांडू नका गो," पोपटची बायको बायजा वाढता वाढता म्हणाली. "जिची हाय तिला विचारा की कोणीतरी."

सगळ्यांनी चुलीकडे पाहिलं. गिरजाबाई तिथे आपल्या नेहमीच्या जागी, भिंतीला पाठ लावून बसली होती. ही हैबतरावांची वहिनी, पोपट-सरूची मोठी आय. हैबतरावांची बायको गेल्यापासून या घराचा दिवा-बत्ती, सणवार सगळं तिच्याच हातात होतं.

"माणूस येवढ्या लांबनं येतोय," ती म्हणाली, "तर बघू दे की घंटा. बघितल्यानं काय झिजतंय?"

हैबतरावांनी ताटात पाणी सोडलं आणि ते हात धुवायला उठले.

झाकली मूठ त्यांनी एकतीस वर्षं झाकून ठेवली होती. थोरला भाऊ विठू दुसऱ्या मोठ्या लढाईच्या आधी आरमारात भरती झाला आणि 'मंजिरा' नावाच्या जहाजावर भट्टीत कोळसा ओढू लागला. लढाईत ते जहाज बुडालं. विठूचं काय झालं ते कोणी सांगेना. सरकारने बेपत्ता म्हणून कळवलं आणि हात झटकले. बेपत्ता माणसाची बायको ना इकडची ना तिकडची. गिरजाबाई कुंकू लावत होती, हिरव्या बांगड्या भरत होती आणि दर होळीला कोणाच्या तरी बैलगाडीतून रोह्याजवळच्या निडीहून, घराण्याच्या मूळ गावाहून, धरमतरला जाऊन लाँचमधून उतरणारी तोंडं बघून परत येत होती. अशी बारा वर्षं गेली. मग रोह्याचा रघू, तांदळाचा अडत्या, बायको वारलेला, भला माणूस, तिच्याशी पाट लावायला तयार झाला. कुणब्यांत पाटाला, बाईच्या दुसऱ्या लग्नाला, ना नव्हती आणि त्यात लाजही नव्हती. पण कपाळाला कुंकू असलेल्या बाईचा पाट लागायचा कसा?

तेव्हा हैबतराव मुंबईच्या एका भंगाराच्या लिलावातून ही घंटा घेऊन आले. "मंजिराची हाय," त्यांनी ओट्यावर सगळ्यांसमोर सांगितलं. "विठूदादाच्या जहाजातलं कोणी उरलं नाय."

घंटेवर नाव होतं, पण ते दुसऱ्याच जहाजाचं. घरात इंग्रजी अक्षर ओळखणारे हैबतराव एकटेच. ती त्यांनी गिरणीच्या यंत्रावरच्या पाट्या वाचून गिरवली होती. कोळीवाड्यातल्या एखाद्या पोरानंही विचारलं असतं, की बाबा, बुडालेल्या जहाजाची घंटा वर कशी आली? घरची माणसं भातवाली. त्यांना समुद्र म्हणजे बांध फोडून शेतात शिरणारं खारं पाणी, तेवढंच ठाऊक. कोणी काही विचारलं नाही. रोह्याला कुंडलिकेच्या काठी भटजींनी पळसाच्या पानांचा विठू केला, उशाशी हळदीकुंकवाने माखलेली घंटा ठेवली आणि हैबतरावांनी त्या पानांना अग्नी दिला.

आणि इतकं करून गिरजाबाईने पाट लावलाच नाही. रघूने दोन वर्षं वाट पाहिली आणि दुसरीकडे घर केलं. विठूच्या वाट्याचं निडीचं शेत हैबतरावांच्या नावावर आलं. शेतासाठी आपण हे केलं नाही, असं ते शपथेवर सांगू शकले असते. शेत मनात आलंच नव्हतं, असं मात्र सांगू शकले नसते.

आरमार उभं राहिलं ते यापायी. दर लिलावात हैबतराव एकच शोधत असत, 'मंजिरा' लिहिलेलं काहीही. एखादी फळी, बिल्ला, एखादा चमचा. ते मिळालं असतं तर उशिरा का होईना, खोटं खरं झालं असतं. ते कधी मिळालं नाही, आणि रिकाम्या हाताने घरी येण्याची त्यांना भीती वाटे, म्हणून जे मिळेल ते घेऊन येत. घंटेवरचं नाव मात्र चार-सहा दसऱ्यांत आपोआप पुसट होऊन गेलं होतं. गिरजाबाई दर दसऱ्याला आरमारातलं सगळं पितळ चिंचेने घासायची. हैबतरावांनी ती देवाची दया मानली होती. पण उद्या येणारा माणूस भिंग घेऊन येणार होता.

*

सबनीस भिंग तर घेऊन आलेच, शिवाय एक बारकी बॅटरी आणि हातमोजेही. पोपटला माणूस आवडला. साहेबी तोरा नव्हता. वस्तू हातात घेताना आधी ते तिला थोडा वेळ नुसतं बघत, मग उचलत.

पण अर्ध्या तासात त्यांचा चेहरा उतरत गेला. होकायंत्र बघितलं, खाली ठेवलं. दुर्बीण बघितली, खाली ठेवली. संगिनीच्या मुठीवर वाळलेलं कुंकू नखाने खरवडून पाहिलं. शेवटी ते तांदळाच्या पोत्यावर बसले.

"हे सगळं घासलंय कोणी?"

"घरातच," पोपट म्हणाला. "दर दसऱ्याला. चिंच, राख, विटेचा भुगा. शस्त्रपूजा असते ना आपल्यात. काळी भांडी देवापुढं कशी ठेवणार?"

"अहो, तो काळा थर म्हणजेच त्या पितळेचं वय. ते तुम्ही दर वर्षी धुऊन काढलंत. आता ह्या दुर्बिणीत आणि काल बाजारातून आणलेल्या तांब्यात काय फरक राहिला, सांगा बघू?"

पोपटला हसावं की रडावं कळेना. लहानपणापासून दसऱ्याच्या सकाळी हे आरमार सोन्यासारखं झळकताना पाहून त्याची छाती फुगायची. गावातली पोरं बघायला यायची. त्या झळाळीत दर वर्षी आपण थोडं थोडं घालवत होतो, हे कोणाच्या डोक्यात यायचं? तो बापाकडे वळला. हैबतराव वजनकाट्याची दांडी धरून उभे होते आणि त्यांना दुर्बिणीचं काही दुःख झालेलं दिसत नव्हतं. ते घंटेकडे बघत होते.

"ही घंटा," सबनीस उठले. दारात सरू आणि बायजा येऊन उभ्या राहिल्या. "छान आहे. जुनी आहे. बारीक पीठ मिळेल का थोडं?"

"गिरणीत पिठाला काय तोटा?" पोपटने मूठभर तांदळाचं पीठ आणून दिलं. सबनिसांनी ते घंटेच्या अंगाला हलक्या हाताने चोळलं, फुंकर मारली आणि बॅटरी बाजूने तिरपी धरली. कोरलेल्या जागेत पीठ अडकून राहतं आणि पुसलेलं नावही पांढरं उठून दिसतं, असं ते सांगत होते.

पीठ कुठेच अडकलं नाही.

"इथे नाव होतं," सबनीस बोट फिरवत म्हणाले. "ही पट्टी बघा, बाकीच्या अंगापेक्षा दबलेली आहे. पण चिंचेने नाव असं जात नाही. चिंचेने अक्षरं बोथट होतात, मुळापासून निघत नाहीत. ह्याच्यावर कानस चालवलीय कोणीतरी."

"कानस?" हैबतराव इतक्या जोरात म्हणाले की सगळे दचकले.

पोपटने बापाकडे नीट पाहिलं. कानस गिरणीत होती. पट्ट्यांची कडी घासायला ती नेहमीच असते. गिरणीत हत्यारांना हात लावायची सोय हैबतरावांखेरीज कोणाला नव्हती. मग हे आश्चर्य कसलं दाखवताय, बाबा, असं त्याच्या ओठांवर आलं होतं.

"कुठल्या जहाजाची म्हणालात?" सबनिसांनी विचारलं.

"मंजिरा," सरू म्हणाली. "आमचे मोठे काका होते तिच्यावर. लढाईत बुडाली."

"बुडाली?" सबनीस भिंग पुसायला लागले. माणूस सभ्य होता, त्याला पुढचं बोलायचं नव्हतं. पण धंद्यातलं ज्ञान माणसाला गप्प बसू देत नाही. "नाही, म्हणजे... बुडालेल्या जहाजाची घंटा जहाजाबरोबरच बुडते ना. ती भंगारात कशी आली?"

इतक्या वर्षांत हा प्रश्न घरात पहिल्यांदा उच्चारला गेला होता, आणि तो इतका सोपा होता की पोपटला स्वतःचीच लाज वाटली. त्याने बापाकडे पाहिलं. सरूनेही पाहिलं.

"बुडलं नव्हतं ते."

गिरजाबाई कधी येऊन उभी राहिली ते कोणाला कळलं नव्हतं. पांढरं कपाळ, अंगावर विटक्या निळ्या रंगाचं लुगडं. आवाज भात पाखडताना बोलावं तसा सहज होता.

"लोक आपलं बुडलं बुडलं म्हणतात. खडकावर चढलं होतं जहाज. माणसं वाहून गेली आन् जहाज राहिलं. मागनं वढून आणलं, तोडलं. भावजींनी घंटा आणली तवाच सांगितलंवतं मला."

"असं असेल तर शक्य आहे," सबनीस सुटका झाल्यासारखे म्हणाले.

पोपटचाही जीव भांड्यात पडला. "मंग हे आमाला कधी का नाय सांगितलं, बाबा?" असं म्हणत तो वळला आणि थांबला. बापाच्या चेहऱ्यावर सुटका नव्हती. हैबतराव वहिनीकडे बघत होते, आणि ते तिला भ्याले होते.

*

नाव नसलेली घंटा सबनिसांनी घेतली नाही. सुकाणूचं चाक, गोल खिडकी आणि थोडंफार सामान तेवढं त्यांनी बाजूला काढून ठेवलं, चहा घेतला, घासणं आता तरी बंद करा असं हात जोडून सांगितलं आणि ते गेले.

विकली न जाणारी घंटा ओट्यावर पडून होती. म्हणजे सरूच्या मनासारखं झालं होतं. पण तिला बरं वाटत नव्हतं. ती घंटेवरचं पीठ पदराने पुसत होती आणि तिला कुंडलिकेचा काठ आठवत होता. तेव्हा ती आठ वर्षांची होती. मोठ्या आयचा हात धरून उभं राहायचं, एवढं काम तिला दिलं होतं. बायकांनी मोठ्या आयच्या बांगड्या दगडाने फोडल्या, तेव्हा तो हात तिच्या हातातच होता. एक हिरवी काच तिच्या तळपायात घुसली. ती रडली ती त्यासाठी. सगळ्यांना वाटलं काकांसाठी रडते, आणि बायका म्हणाल्या, बघा पोरीला किती माया. मोठी आय स्वतः रडली नव्हती. तिने फक्त खाली वाकून सरूच्या पायातली काच काढली होती.

"कानस कोणी मारली, बाबा?" पोपटने विचारलं.

"मला काय ठावं?"

"गिरणीतली कानस तुमच्याबिगर कोण घेणार?"

"पोपट, बापाशी बोलतोस," सरू म्हणाली. "मोठी आय बोलली ना सगळं? खडकावर चढलं जहाज. संपलं."

"मंग नाव का खरवडलं? नाव असतं तर कोणाला अडचण होती?"

सरू पुन्हा त्याच्यावर तुटून पडणार होती. पण प्रश्न तिच्याही मनात जाऊन बसला आणि तिथे त्याला जुना शेजार सापडला. सासरी तिला अधूनमधून ऐकवत असत, की तुझ्या बापानं भाऊ जाळला तो पानांचा आणि शेत घेतलं ते मातीचं. आजवर तिने हे द्वाड तोंडांचं बोलणं म्हणून सोडून दिलं होतं.

"बाबा," ती हळू आवाजात म्हणाली, "निडीचं शेत काकांच्या वाट्याचं ना? ते आपल्या नावावर कधी आलं?"

"क्रिया झाल्यावर."

"म्हंजे घंटा आली म्हणून क्रिया झाली, आन् क्रिया झाली म्हणून शेत आलं."

"शेताचं आता कशाला काढतेस?" पोपट एकदम उसळला. "तीस वर्षं नांगरतोय आमी ते. मोठ्या आयला कधी काय कमी केलं का? बाबांवर येवढा आळ घेतेस?"

बायजा दारात बसून लसूण सोलत होती. ती कोरडं हसली. "आत्ता घटकेपूर्वी तुमीच बाबांना कानसेचं विचारत होतात. आन् ताई बाबांच्या बाजूनं होत्या. शेताचं नाव निघालं आन् दोघांनी कूस बदलली."

"तू गप बस."

"मी गप्पच हाय. एक सांगते फक्त. मोठी आय आजवर कधी खोटं बोलली नाय. आज तिनं जे सांगितलं ते सांगताना ती आपल्यापैकी कोणाकडं बघत नव्हती. बाबांकडं बघत होती."

हैबतराव कठड्याला धरून उठले. "बाबा, उत्तर देऊन जा," सरू म्हणाली. ते थांबले नाहीत.

*

गिरजाबाई मागच्या पडवीत चिंच भिजत घालत होती. सबनिसांनी हात जोडून सांगितलेलं तिच्या कानावर गेलं नसेल असं नव्हे. परात भरून चिंच होती, नेहमीएवढीच.

हैबतराव उंबऱ्यावर बसले. गिरणी बंद होती, त्यामुळे महामार्गावरच्या गाड्यांचा आवाज आत येत होता.

"वैनी, जहाज खडकावर चढलं असं मी कधीच सांगितलं नव्हतं."

"नाय."

"मंग?"

"कोणीतरी बोलायला पायजे होतं. तुमच्या तोंडाला तर कुलूप बसलं." तिने चिंचेतले चिंचोके काढायला सुरुवात केली. "लबाडी करायची तर पुरी करावी, भावजी. तुमी अर्धीच केलीत. घंटा आणलीत आन् ती वर कशी आली ते ठरवायचं विसरलात. मी तेवढं ठरवून ठेवलंवतं. कधी कोणी विचारलं तर असावं म्हणून."

हैबतरावांनी डोळे मिटले. ज्या गोष्टीची त्यांना उभा जन्म भीती वाटली होती ती अशी चिंच कोळता कोळता, आवाज न चढवता समोर येईल असं त्यांना कधी वाटलं नव्हतं.

"कधी कळलं तुमाला?"

ती उठली, आत गेली आणि एक पुरचुंडी घेऊन आली. जुन्या चोळीच्या खणात गुंडाळलेली काळी रेशमी फीत होती. खलाशाच्या टोपीची. तिच्यावर सोनेरी धाग्याची अक्षरं होती आणि धागा अजून चमकत होता. तिने फीत हैबतरावांच्या मांडीवर ठेवली. एकतीस वर्षं जे नाव लिलावालिलावांतून शोधलं, ते याच घरात, चुलीपासून दहा हातांवर होतं. मंजिरा.

"लढाई लागली तवा हुकूम झाला, टोपीवर जहाजाचं नाव नको, शत्रूला कळंल. शेवटच्या रजेला आले तवा ही काढून माझ्याकडं दिली. म्हणाले, लढाई सरली की परत लावीन." ती पुन्हा परातीपाशी बसली. "मला वाचता येत नाय. पण पयलं अक्षर बघा. शेजारी शेजारी दोन डोंगर. तुमी आणलेल्या घंटेवर पयलं अक्षर बांगडीसारखं गोल होतं. डोंगर आन् बांगडी मला कळते."

"कधी बघितलंत?"

"क्रियेच्या आदल्या दिवशी. तुमी गाडीची सोय बघायला गेलावतात."

"आदल्या दिवशी?" हैबतरावांचा आवाज फुटला. "वैनी, आदल्या दिवशी कळलं तर नदीवर आलात कशाला? बोलला का नाय? बांगड्या का फोडू दिल्यात?"

"दमले होते, भावजी."

ती एवढंच बोलली आणि हात धुवून पदराला पुसले. मग म्हणाली, "बारा वर्षं. कोणी गेला म्हणून सांगत नव्हतं, कोणी हाय म्हणून सांगत नव्हतं. वाटायचं, कोणीतरी सांगावं एकदा. तुमी सांगितलंत. खोटं तर खोटं. मला ते हवं होतं, म्हणून मी घेतलं. नदीवरनं आले त्या रातीला मी पयल्यांदा नीट झोपले."

"आन् रघू? मी ते रघूपायी केलं होतं. तुमचं घर पुन्हा उभं राहावं म्हणून. शेतासाठी नाय, वैनी. आईची आण."

"माहीत हाय. शेतासाठी केलं असतंत तर माझ्या डोळ्याला डोळा लावून बोलला असतात. शेत खाणारी माणसं मी बघितलीत." ती किंचित थांबली. "रघू चांगला होता. मला आवडत पण होता. पण पाट कसा लावू? घंटा दुसऱ्याची, हे मला ठाऊक. नवरा कुठं जिता असला तर? वाट बघायची सोडता आली मला तुमच्या घंटेनं. दुसरं घर नाय करता आलं."

हैबतराव रडत होते. त्यांना स्वतःला ते कळलं नव्हतं. फितीवर थेंब पडला तेव्हा त्यांनी ती घाईघाईने बाजूला केली.

"कानस तुमीच मारलीत, वैनी."

"तुमी मुंबईला जायचात तवा. चार-पाच वर्षं लागली. तुमाला इंग्रजी येत होतं, पोपट पण शाळेत जायला लागला होता. कोणी वाचलं असतं तर तुमचं तोंड काळं झालं असतं. आन् माझं तुमच्याहून जास्ती. ठाऊक असून कुंकू पुसणाऱ्या बाईला काय म्हणतात ते ऐकायची ताकद नव्हती." ती क्षणभर हसल्यासारखी दिसली. "तुमी दर फेरीला काय काय आणायचात. मला कळायचं काय शोधता ते. फीत दाखवावी असं लय वाटायचं. पण दाखवली असती तर दोघांनी एकमेकांकडं बघायचं कसं?"

पुढच्या ओट्यावरून पोपट-सरूचे आवाज चढलेले ऐकू येत होते. शेत हा शब्द पुन्हा पुन्हा येत होता.

"आता एक मागते," गिरजाबाई म्हणाली. "मी जाईन तवा माझ्या कपाळाला कुंकू लावा. हिरवं लुगडं नेसवा. हातात बांगड्या भरा. ते गेले असं मला कोणी खरं सांगितलंच नाय, तर मी तशी का जाऊ? लोक विचारतील, हिला हिरवं कशाला? तवा घंटेचं काय ते सांगा. आन् तुमी माझ्या आधी गेलात तर सांगायला कोणी राहायचं नाय, म्हणून पोरांना आजच सांगा."

हैबतरावांनी मान हलवली. मग ते उठले, देव्हाऱ्यापाशी गेले आणि कुंकवाचा करंडा घेऊन आले.

"मेल्यावर कशाला, वैनी? आत्ता लावा. मी सगळ्यांना सांगतो. कोण काय म्हणतंय ते मी बघतो."

गिरजाबाईने करंड्याकडे पाहिलं. तिचा हात थोडा उचलला गेला आणि परत मांडीवर आला.

"आत्ता नको," ती म्हणाली. "आत्ता लावलं तर पुन्हा वाट बघावी लागंल."

हैबतराव करंडा तिथेच ठेवून ओट्यावर आले. त्यांना बघून भांडण थांबलं. त्यांनी पोपटला, सरूला, बायजाला समोर बसायला सांगितलं आणि स्वतः घंटेशेजारी बसले. "काय झालं, बाबा?" सरूने विचारलं. आतून परातीत चिंच कोळल्याचा आवाज येत होता. त्यांनी घंटेच्या घासलेल्या पट्टीवर बोट ठेवलं आणि आधी तिचं नाव सांगितलं.

"ऑर्मंड," ते म्हणाले. "हिचं नाव ऑर्मंड होतं."